जमिनीवर आणि पाण्यावर उतरणारे छोटे विमान: त्याची रचना कशी असते आणि खर्डीच्या धरणांवर ते चालेल का?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातले खर्डी हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे स्टेशन. पश्चिमेला तानसा, उत्तरेला वैतरणा नदीवरची मोडक सागर आणि मध्य वैतरणा, दक्षिणेला भातसा. मुंबईची तहान भागवणाऱ्या सात जलाशयांपैकी चार खर्डीच्या अवतीभवती आहेत.

मुंबईच्या जुहू विमानतळापासून खर्डी सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे. सीएसएमटीहून लोकलने १०७ किलोमीटरचा हाच प्रवास दोन तासांच्या वर जातो. ताशी २९० किलोमीटर वेगाच्या विमानाला मात्र हे अंतर पंधरा-वीस मिनिटांचे. इथे धावपट्टी नाही, पण पाणी भरपूर आहे. त्यामुळे मोबाईलवर सी-प्लेनचा एखादा व्हिडिओ आला की ‘आपल्या धरणावर असे विमान का उतरत नाही?’ हा प्रश्न येतोच.

त्याचे उत्तर दोन भागांत आहे. एक भाग विमानाच्या रचनेचा आणि दुसरा धरणाच्या पाण्याचा. पहिला भाग अभियंत्यांनी बराचसा सोडवला आहे, दुसरा अजून सुटायचा आहे.

उभयचर विमान म्हणजे नेमके काय?

पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला जलविमान किंवा सी-प्लेन म्हणतात. मात्र प्रत्येक सी-प्लेन जमिनीवर उतरू शकत नाही. ज्याला तरंगण्याची सोय आणि चाके दोन्ही असतात, ते उभयचर विमान. बेडकासारखे, पाण्यातही आणि जमिनीवरही.

पाण्यावरून स्वतःच्या इंजिनच्या बळावर उडालेले पहिले विमान फ्रान्सच्या आंरी फाब्र यांचे. २८ मार्च १९१० रोजी ते सुमारे अर्धा किलोमीटर उडाले. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी आपल्या जलविमानाला चाके बसवली आणि उभयचर विमान प्रत्यक्षात आले. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. तरीही आजचे अभियंते त्याच जुन्या अडचणींशी झगडत आहेत.

पाण्यातून सुटणे हीच खरी परीक्षा

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. त्यामुळे उड्डाणासाठी धावताना विमानाला हवेपेक्षा पाण्याचा विरोध कितीतरी जास्त होतो.

सुरुवातीला विमान होडीसारखे पाणी कापत जाते. नाक वर येते, पुढे लाट उभी राहते आणि विरोध वाढत जातो. वेग आणखी वाढला की विमानाचा तळ पाण्याच्या पृष्ठभागावर चढतो आणि त्यावरून घसरू लागतो. तळ्यात चपटा दगड तिरका फेकला की तो पाण्याला चाटत जातो, तसेच. इथवर पोहोचण्याइतकी ताकद इंजिनात नसेल, तर विमान कितीही लांब धावले तरी उडत नाही.

घसरू लागल्यावरही पाणी तळाला चिकटून राहते आणि मागचा भाग खाली ओढते. त्यावर उपाय म्हणजे तळाला मध्यावर दिलेली एक आडवी पायरी. तिथे तळ एकदम वर उचललेला असतो. पाणी त्या कडेवरून सुटते, मागे हवा शिरते आणि पकड तुटते. ही पायरी आजही बहुतेक जलविमानांच्या तळाला दिसते. हवेत मात्र तिचा काही उपयोग नसतो, उलट थोडा वेगच कमी होतो.

तळाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा उतार देतात, तोही याच हिशेबाने. उतार जास्त असेल तर लाटांचे धक्के कमी बसतात, पण पाण्यातून सुटायला ताकद जास्त लागते. पाण्याच्या बाजूने केलेल्या प्रत्येक सोयीची किंमत हवेत मोजावी लागते, ही उभयचर विमानाची मूळ अडचण आहे.

खाली फ्लोट की होडीसारखे पोट?

या विमानांच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत.

पहिलीत नेहमीच्या विमानाच्या चाकांच्या जागी दोन लांब, पोकळ फ्लोट लावतात. उभयचर प्रकारात या फ्लोटमध्येच चाके दुमडून बसतात. सुरक्षेसाठी दोन फ्लोटनी मिळून विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त भार तोलून धरावा, असा अमेरिकी नियम होता आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. फ्लोटच्या आत वेगवेगळे बंद कप्पे असतात. त्यामुळे एका ठिकाणी भोक पडले तरी विमान बुडत नाही.

या तऱ्हेचा फायदा म्हणजे आधीच सिद्ध झालेले विमान वापरता येते. तोटा वजनाचा आणि वेगाचा. एका इंजिनाचे सेसना कॅरॅव्हॅन चाकांवर असताना ताशी सुमारे ३४५ किलोमीटर वेगाने जाते. उभयचर फ्लोट लावले की हाच कमाल वेग सुमारे २९५ वर येतो.

दुसऱ्या तऱ्हेत विमानाचे पोटच होडीसारखे असते. हवेचा विरोध कमी होतो आणि वजनही वाचते. पण पंखा पाण्याच्या तुषारांपासून दूर ठेवण्यासाठी इंजिन वर, पंखांच्या मागे किंवा खांबावर न्यावे लागते. उंचावरच्या इंजिनचा जोर वाढवला की नाक खाली झुकते. जमिनीवरच्या विमानांची सवय असलेल्या वैमानिकाला ते नव्याने शिकावे लागते. शिवाय अरुंद पोटाचे विमान पाण्यात एका बाजूला कलंडू नये म्हणून पंखांच्या टोकांना छोटे फ्लोट किंवा पोटाच्या दोन्ही बाजूंना आखूड पंखांसारखे फुगवटे द्यावे लागतात.

चाकांची सोय आणि चाकांचाच धोका

चाके बाहेर ठेवून जमिनीवर उतरायचे, आत घेऊन पाण्यावर. हे ऐकायला सोपे आहे, पण उभयचर विमानांच्या गंभीर अपघातांचे एक जुने कारण हेच आहे. चाके बाहेर असताना विमान पाण्यावर टेकले की चाके पाण्यात अडकतात आणि विमान नाकावर उलटते. आतले लोक उलटे, पट्ट्यात अडकलेले आणि पाण्याखाली.

चाके आत असताना चुकून धावपट्टीवर उतरले, तर विमान बहुधा खरचटते आणि त्यावर निभावते. पाण्यावरची चूक मात्र जिवावर बेतते. म्हणून अशा विमानांत चाकांच्या स्थितीसाठी वेगवेगळ्या रंगांचे दिवे असतात, पंखाखाली आरसा लावतात आणि उतरण्याआधी ‘चाके आत आहेत, पाण्यावर उतरण्यास तयार’ अशा अर्थाची सूचना आवाजातून देणारी यंत्रणाही असते. प्रवाशांना लाइफ जॅकेट असते, पण ते बाहेर पडल्यानंतर फुगवायचे असते. आतच फुगवले तर माणूस तरंगून छताकडे ढकलला जातो आणि दार गाठता येत नाही.

आयकॉन ए-५: नव्या रचनेने काय बदलले?

हलक्या उभयचर विमानांच्या नव्या रचनांमध्ये अमेरिकेच्या ‘आयकॉन ए-५’ची सर्वाधिक चर्चा झाली. २००८ मध्ये ते पहिल्यांदा उडाले. दोन आसने, १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स इंजिन, कार्बन फायबरचे अंग, मागे ढकलणारा पंखा आणि दुमडणारे पंख अशी त्याची ठेवण आहे. पंख दुमडले की ते गाडीमागच्या ट्रेलरवर ठेवून घरी नेता येते. पोटाच्या दोन्ही बाजूंचे फुगवटे पाण्यात तोल सांभाळतात आणि आत चढताना पायरी म्हणूनही कामी येतात.

खरी नवी गोष्ट पंखांत होती. वेग फार कमी झाला किंवा नाक फार वर उचलले की पंखांची उचल अचानक तुटते, याला स्टॉल म्हणतात. त्यातून विमान गिरक्या घेत कोसळू शकते. ए-५ च्या पंखांची टोके आणि मुळाकडचा भाग वेगवेगळ्या आकाराचे आहेत. मुळाकडची उचल गेली तरी टोकांकडची टिकते आणि विमान वैमानिकाच्या हातात राहते. हवा पंखांना कोणत्या कोनातून भिडते आहे हे दाखवणारे मोठे, सोपे घड्याळही समोरच बसवले. अख्ख्या विमानासाठी पॅराशूटची सोय केली.

या सगळ्याने वजन वाढले. त्या वेळच्या अमेरिकी नियमात पाण्यावरच्या हलक्या क्रीडा विमानाला सुमारे ६५० किलोची मर्यादा होती. गिरकीविरोधी रचनेमुळे सुरक्षितता वाढते, असे दाखवून कंपनीने २०१३ मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाकडून त्यात खास सवलत मिळवली. किंमतही वाढत गेली. सुरुवातीला १ लाख ३९ हजार डॉलर सांगितलेले विमान २०१७ मध्ये सर्व सोयींसह ३ लाख ८९ हजार डॉलरवर पोहोचले. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

फ्रान्सच्या ‘अकोया’ विमानाने आणखी वेगळा मार्ग धरला. त्याच्या पोटाखाली पाण्यात बुडालेली छोटी पाती आहेत. वेग येताच ती पाती विमानाला पाण्याबाहेर उचलतात, त्यामुळे तळाच्या पायरीची गरजच उरत नाही. कल्पना देखणी होती, पण हे विमान मोठ्या संख्येने बाजारात आले नाही.

इतकी काळजी घेऊनही अपघात का झाले?

८ मे २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेरिएसा तलावावर ए-५ कोसळले. हे विमान घडवणाऱ्या अभियंत्यांपैकी प्रमुख जॉन कारकाऊ स्वतः ते चालवत होते. ते आणि त्यांच्यासोबतचा सहकारी दोघेही गेले. तपासात दिसले की विमान कमी उंचीवरून तलावाच्या एका चिंचोळ्या फाट्यात शिरले. पुढे डोंगर होता आणि वळायला जागा नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माजी बेसबॉलपटू रॉय हॅलडे यांचा याच प्रकारच्या विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. तिथेही पाण्यालगत अगदी खालून केलेल्या कसरती समोर आल्या.

गिरकी टाळणारा पंख डोंगर टाळू शकत नाही. सह्याद्रीतली धरणेही बेरिएसासारखीच आहेत: दऱ्यांमध्ये शिरलेले पाणी, अरुंद फाटे आणि चहूबाजूंनी डोंगर.

महाराष्ट्रात आतापर्यंत काय झाले?

महाराष्ट्राचा सी-प्लेनशी संबंध नवा नाही.

• ३० डिसेंबर २०१०: अंदमानसाठीच्या ‘जल हंस’ या सेवेचे उद्घाटन मुंबईत जुहू विमानतळावर झाले. पवन हंसची ही सेवा सेसना कॅरॅव्हॅन विमानाची होती.

• ऑगस्ट २०१४: राज्याच्या पर्यटन महामंडळाने ‘मेहेर’ या कंपनीसोबत जुहू ते लोणावळ्याजवळचे पवना धरण अशी सेवा सुरू केली. मुळा, वरसगाव आणि धोम ही धरणेही पुढच्या योजनेत होती. नियमित वाहतूक मात्र रुजली नाही.

• ९ डिसेंबर २०१७: गिरगाव चौपाटीवर स्पाइसजेटने ‘कोडियाक’ या उभयचर विमानाची चाचणी घेतली. शंभराहून अधिक विमाने घेण्याचा मानसही तेव्हा बोलून दाखवला गेला. प्रवासी सेवा सुरू झाली नाही.

शेजारच्या गुजरातमध्ये ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती ते स्टॅच्यू ऑफ युनिटी ही सेवा सुरू झाली. महिनाभरातच विमान देखभालीसाठी मालदीवला पाठवावे लागले आणि २०२१ मध्ये सेवा थांबली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने सी-प्लेनसाठी नवी, सोपी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये विजयवाडा आणि कोची इथे प्रात्यक्षिक उड्डाणे झाली.

यातली कोणतीही सेवा विमान पाण्यातून उठत नाही म्हणून बंद पडली नाही. विमाने कमी, त्यामुळे एक दुरुस्तीला गेले की सेवा ठप्प. देखभालीची सोय दूर, तासाचा खर्च मोठा, आसने थोडी आणि रोजचे प्रवासी अनिश्चित, अशी ही कोंडी आहे.

खर्डीच्या जलाशयांवर उतरता येईल का?

इथे पहिला प्रश्न पाण्याच्या पातळीचा. जलाशय पूर्ण भरल्यावरची पातळी आणि पाणी उचलता येईल अशी सर्वात खालची पातळी यांतला फरक पाहा:

• तानसा: १२८.६३ मीटर ते ११८.८७ मीटर, फरक सुमारे १० मीटर
• मोडक सागर: १६३.१५ ते १४३.२६, फरक सुमारे २० मीटर
• भातसा: १४२.०७ ते १०४.९०, फरक सुमारे ३७ मीटर
• मध्य वैतरणा: २८५ ते २२०, फरक ६५ मीटर

भातसाचा फरक म्हणजे साधारण बारा मजली इमारत. पावसाळ्यानंतर जिथे तरंगता धक्का बांधावा, तिथे मे महिन्यात भेगाळलेला चिखल आणि उघडे पडलेले खडक असू शकतात. काठ दूर सरकतो, पाण्याचा पट्टा अरुंद होतो, बुडालेले झाडांचे बुंधे वर येतात. फ्लोटला भोक पडायला एक बुंधा पुरेसा आहे. मासेमारीची जाळी आणि होड्या वेगळ्याच. त्यामुळे ‘पाण्याची धावपट्टी’ एकदा आखून चालत नाही. ती पाण्याबरोबर सरकवावी लागते, रोज तपासावी लागते.

दुसरा प्रश्न हवामानाचा. छोटी जलविमाने सहसा दिवसा आणि स्वच्छ दिसत असतानाच उडतात. जुलै-ऑगस्टमध्ये जलाशय भरतात, तेव्हा माहुलीच्या डोंगरावर ढग टेकलेले असतात. मे महिन्यात आकाश मोकळे असते, तेव्हा पाणी तळाला गेलेले असते. दोन्ही गोष्टी जुळतात त्या साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. त्यातही हिवाळ्यातल्या सकाळी आरशासारखे स्थिर पाणी फसवे असते. वरून पृष्ठभाग किती खाली आहे याचा अंदाज येत नाही. त्यासाठी वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

पातळीच्या हिशेबाने या चारांत तानसा सर्वात सोयीचा. पण त्याच्याभोवती तानसा अभयारण्य आहे.

पिण्याच्या पाण्याचे काय?

या जलाशयांचे पाणी मुंबईच्या नळांत जाते. त्यामुळे इंधन आणि तेलगळती हा मोठा मुद्दा ठरतो. इथे विमानाची निवड महत्त्वाची आहे. अनेक छोट्या पिस्टन इंजिनांना लागणाऱ्या विमान पेट्रोलमध्ये आजही शिसे असते. कॅरॅव्हॅनसारखी टर्बाइन विमाने केरोसीनच्या जातीचे इंधन वापरतात आणि रोटॅक्सची इंजिने शिसेविरहित पेट्रोलवर चालतात. बॅटरीवरची उभयचर विमाने तयार करण्याचे प्रयत्न युरोपात चालू आहेत. ती आली तर इंधनगळतीची ही चिंता मिटेल, पण बॅटरीचे वजन पुन्हा तोच जुना हिशेब समोर ठेवेल.

पिण्याच्या पाण्यावर विमान उतरवूच नये, असे मात्र नाही. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते आणि तिथे सी-प्लेन उतरले आहे. म्हणजे निर्णय नियम, देखरेख आणि गरज यांवर ठरतो. इंधन काठावरही न भरता जुहूलाच भरायचे, देखभाल तिकडेच करायची, हे उभयचर विमानाला शक्य आहे. चाकांचा खरा फायदा इथे दिसतो.

मग खर्डीला याचा उपयोग काय?

शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही इथली जुनी तक्रार आहे. अशा ठिकाणी फक्त पर्यटकांना उतरवणारे विमान आले, तर स्थानिकांच्या मनात आधी प्रश्नच येतील.

रुग्णाला तातडीने मुंबईला हलवणे हा उपयोग सांगितला जातो. विमान हेलिकॉप्टरपेक्षा तासाला साधारणपणे स्वस्त पडते. पण ते रात्री उतरू शकत नाही, ढगाळ पावसात येऊ शकत नाही आणि रुग्णाला आधी धक्क्यापर्यंत आणावे लागते. पाड्यापासून धक्क्यापर्यंत रस्ताच नसेल, तर विमानाची पंधरा मिनिटे कामाची नाहीत.

थोडक्यात

तळाची पायरी, दुमडणारी चाके, गिरकी टाळणारे पंख यांनी हलके उभयचर विमान आज पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले आहे. खर्डीच्या परिसरात ते उतरवायचे असेल तर आधी चार गोष्टी लागतील: पातळीबरोबर खाली-वर होणारा धक्का, रोज तपासलेला मोकळा पट्टा, पिण्याच्या पाण्यासाठी कडक नियम आणि देखभालीची सोय जवळ असलेली एकाहून अधिक विमाने. धरणावर सी-प्लेन येणार, अशी पुढची घोषणा ऐकली की विमान किती नवे आहे याआधी एक गोष्ट विचारावी: मे महिन्यात ते उतरणार कुठे?